‘सध्या इथंच आहे’

दहावीचा निकाल लागला की आमच्या परभणी जिल्ह्यात कॉलेजांची नावं फारशी ऐकू येत नाहीत, गावांची ऐकू येतात. ‘थोरल्याला लातूरला टाकलं.’ ‘पोरगी नांदेडला आहे.’ ‘त्यांचा पोरगा पुण्याला गेला की.’ कॉलेज कोणतं, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. गावाचं नाव आलं की पोरगं किती हुशार, बापाची ऐपत किती आणि पुढं काय होणार याचा अंदाज ऐकणाऱ्याला आलेला असतो.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीला आलेल्या पोरांच्या डोक्यात कॉलेजांची एक उतरंड आधीच पक्की असते. सगळ्यात खाली आपल्या गावातलं कॉलेज, त्यावर जिल्ह्याचं, त्यावर लातूर-नांदेड, मग छत्रपती संभाजीनगर, मग पुणे-मुंबई. घरापासून जितकं लांब, तितकं चांगलं. हे त्यांना कुणी बसून शिकवलेलं नसतं. चुलतभावाचं काय झालं, शेजारच्या ताईचा नंबर कुठं लागला, मामाच्या पोराला नोकरी कुठून लागली, यातून ते साचत जातं. मला वाटतं, आमच्याकडे कॉलेजकडे एसटी स्टँडसारखं पाहिलं जातं. तिथून कुठं कुठं गाड्या सुटतात एवढं लोक बघतात. तिथं राहायचं कुणाच्याच मनात नसतं. जे कॉलेज पोराला बाहेर पोचवतं त्याचं नाव होतं. जे कॉलेज पोराला इथंच ठेवून शिकवतं त्याचं होत नाही, मग ते कितीही मन लावून शिकवत असो.

लातूरचं नाव कसं झालं ते यासाठी समजून घ्यायला हवं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर एके काळी पुण्या-मुंबईच्या संस्थांचा हक्कच असल्यासारखं होतं. 1961 चं दयानंद आणि 1970 चं राजर्षी शाहू महाविद्यालय ही लातूरची कॉलेजं त्या यादीत दिसायला लागली, तेव्हा मराठवाड्यातल्या माणसाला जे वाटलं ते आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. प्राचार्य जनार्दन वाघमारे, प्राचार्य अनिरुद्ध जाधव आणि त्यांच्या सोबतच्या शिक्षकांनी केलेली गोष्ट तशी साधी होती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षा घ्यायच्या, पुन्हा घ्यायच्या, पेपर तपासून पोराच्या हातात द्यायचा, चूक कुठं झाली ते समोर बसवून दाखवायचं. कोरडवाहू शेतकऱ्याचं पोरगं, घरात पुस्तकाचा पत्ता नाही, ते दोन वर्षांत राज्याच्या यादीत. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव नंतर पडलं आणि पुढं त्याला घोकंपट्टी म्हणून हिणवलंही गेलं. मी हिणवणार नाही. ज्यांना कुणी हात धरून शिकवलं नव्हतं त्यांचे हात त्या शिक्षकांनी धरले. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून ज्या शहराला जगवावं लागलं, त्या शहराकडं त्याही जूनमध्ये आमच्या तालुक्यातली पोरं ट्रंका घेऊन गेली. एवढा भरवसा एखाद्या गावाच्या वाट्याला सहज येत नाही.

पुढं गुणवत्ता याद्या बंद झाल्या, मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा आली, आणि त्या भरवशाची जागा हळूहळू बदलली. आता लातूरला किंवा नांदेडला गेलेल्या पोराला कॉलेज विचारलं तर तो आधी क्लासचं नाव सांगतो. कॉलेज कोणतं म्हटलं की, ‘कॉलेज असंच, नावाला.’ प्रवेश एकीकडे, शिकणं दुसरीकडे, प्रात्यक्षिकं बोर्डाच्या परीक्षेच्या आधी कशीबशी उरकलेली. पोरं आणि पालक अकरावीचं कॉलेज शोधताना आता पहिला प्रश्न विचारतात तो हजेरीचा. ‘अटेंडन्सचं टेन्शन नाही ना?’ नाही म्हटलं की कॉलेज चांगलं. जे कॉलेज पोराला वर्गात बसायला लावतं ते त्रासदायक. मी पहिल्यांदा हा प्रश्न एका आईच्या तोंडून ऐकला तेव्हा मला राग आला होता. मग त्या बाईंनी हिशोब मांडला. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेस, आणि सोयाबीनला मिळालेला भाव. दोन वर्षांसाठी एवढं ओतल्यावर पोरानं दिवसाचे पाच तास दुसरीकडं घालवावेत हे त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर होतं. कॉलेजनं अडवू नये, एवढंच कॉलेजकडून मागायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली, हा खरा प्रश्न आहे. 2024 मध्ये नीटच्या गैरप्रकारांच्या तपासात लातूरचं नाव बातम्यांत आलं, तेव्हा माझ्या वर्गातली पोरं दोन दिवस त्यावरच बोलत होती. तिसऱ्या दिवशी, नीट पुन्हा देणाऱ्यांसाठी असते त्या रिपीटर बॅचची चौकशी सुरू झाली.

या सगळ्यात एक गोष्ट झाकली जाते. मराठवाड्यात कॉलेजचं नाव म्हणजे त्याच्या अकरावी-बारावी सायन्सचं नाव. त्याच आवारात, त्याच इमारतीत बीए, बीएस्सी, बीकॉमचे वर्ग भरतात, पण त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. ज्या कॉलेजच्या बारावीसाठी पालक रांग लावतात, त्याच कॉलेजच्या बीएस्सीला पोरगं गेलं तर घरात सुतक पडल्यासारखं होतं. माझी एक माजी विद्यार्थिनी परभणीला बीएस्सी करते. नीटला दोनदा बसली, नंबर लागला नाही. बाजारात भेटली, मी विचारलं, ‘काय करायलीस गं?’ तिनं नजर चुकवली आणि म्हणाली, ‘सध्या इथंच आहे, मॅडम.’ तिला गणितात चांगले गुण पडलेत, ती रोज कॉलेजला जाते, तिच्या एका सरांनी तिला आयआयटीच्या एमएस्सी प्रवेशाची जॅम परीक्षा द्यायला सांगितलंय. हे सगळं मला खोदून खोदून विचारल्यावर कळलं. स्वतःहून तिनं कॉलेजचं नावही घेतलं नव्हतं. ‘सध्या’ हा शब्द मात्र न विसरता घातला होता.

मीही अशीच ‘इथंच’ शिकले. भारनियमनाचे दिवस होते. प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवा लावला की पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं लागतात, आणि तो नेमका पिवळा झाला की वीज जायची. आमचे सर थांबायचे. घरी जायची बस चुकली तरी थांबायचे. वीज आली की पुन्हा स्पेक्ट्रोमीटर लावायचे, पुन्हा प्रिझम, पुन्हा वाचन. ‘आकडा वहीतून उतरवायचा नाही, डोळ्यानं बघून लिहायचा,’ एवढंच म्हणायचे. पुढं विद्यापीठात एमएस्सीला गेले तेव्हा मोठ्या शहरातल्या कॉलेजांतून आलेल्या पोरांपैकी काहींनी तो प्रयोग फक्त वहीत केलेला होता. ज्या कॉलेजात मी शिकले त्याचं नाव कुठल्याही क्रमवारीत नव्हतं, आजही नाही. पण माझ्या हाताला जे वळण लागलं ते तिथंच लागलं, म्हणून कुणी ‘इथंच’ म्हणताना मान खाली घातली की मला सहन होत नाही.

इंजिनिअरिंगच्या वेळी ही उतरंड कागदावर उतरते. सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की पोरं मोबाइलवर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडून बसतात. त्यातले संक्षेप त्यांना तोंडपाठ असतात. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली ते होम युनिव्हर्सिटी, तिथल्या जागांपुढं एच, बाहेरच्यांसाठी ओ, राज्यपातळीच्या जागांना एस. कुठल्या कॉलेजचा कटऑफ कितीला बंद झाला यावरून कॉलेजची किंमत ठरते. म्हणजे आत काय शिकवतात हे कुणी बघितलेलं नसतं, आत कोण शिरलं एवढंच बघितलेलं असतं. मागच्या वर्षी जिथं हुशार पोरं गेली तिथं यंदाची हुशार पोरं जातात, की पुढच्या वर्षी कटऑफ आणखी वर.

सीओईपी, व्हीजेटीआय ही नावं सगळ्यांत वर असतात, त्याबद्दल वाद नाही. पुण्याचं सीओईपी 1854 पासूनचं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं. त्यांच्याशी आमची बरोबरी करायला मी निघालेली नाही. घोटाळा त्याच्या खालच्या पायरीवर होतो. माझ्याकडे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, दाखवायला आलेल्या एका पोरानं पुण्याच्या पार कडेला असलेली तीन-चार खासगी कॉलेजं वर टाकली होती आणि नांदेडचं एसजीजीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्या खाली. एसजीजीएस 1981 चं, स्वायत्त, विष्णुपुरीला. मी विचारलं, ‘ही पुण्याची कॉलेजं पाहिलीस का?’ नाही. ‘एसजीजीएस पाहिलंस?’ तेही नाही. परभणीहून नांदेड रेल्वेनं दीड तासाच्या आसपास. पोरगं लग्नांना, गुरुद्वाऱ्याला नांदेडला कितीदा जाऊन आलेलं, पण ज्या रस्त्यावर स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, मेडिकल आणि इंजिनिअरिंग अशी तिन्ही एकाच भागात आहेत, तिकडं कधी फिरकलेलं नव्हतं. ‘मग यांना वर का टाकलंस?’ तर म्हणाला, ‘मॅडम, पुणं आहे ना ते.’

त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. कंपन्या पुण्याला आहेत. सुट्टीतली इंटर्नशिप पुण्याला मिळते, आठवड्याच्या शेवटी कुणाची तरी ओळख निघते, सीनियर हिंजवडीला असतो. मराठवाड्यात संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्र्याला कारखाने आहेत, जालन्याला स्टील आणि बियाण्यांचे उद्योग आहेत. पण परभणी, हिंगोली, नांदेडच्या पोरानं इंजिनिअर होऊन घराजवळ काय करायचं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. उद्योग नसलेल्या भागातल्या चांगल्या कॉलेजलाही उद्योग नसल्याची शिक्षा भोगावी लागते. मुंबईच्या आयसीटीनं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) 2018 मध्ये जालन्याला मराठवाडा कॅम्पस सुरू केला. रासायनिक तंत्रज्ञानात एवढं मोठं नाव आमच्या दारात आलं. तरी पोरं मला विचारतात, ‘मॅडम, पण ते जालन्याचं ना?’

मुलींची यादी तर आणखी वेगळी. तिच्यात कटऑफच्या आधी हॉस्टेल येतं. हॉस्टेल आवारात आहे का, रात्रीची गाडी किती वाजता पोचते, ओळखीचं कोण आहे. ‘नांदेडपर्यंत ठीक आहे, पुढं नको,’ हे वाक्य मी वडिलांच्याच नव्हे, आजीच्या तोंडूनही ऐकलंय. 2024 मध्ये सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली, तेव्हा काही घरांत पहिल्यांदाच पुण्याचं नाव निघालं. पण फी माफ झाली तरी राहण्या-खाण्याचा खर्च राहिलाच, आणि आजीची काळजीही राहिली. त्यामुळं हुशार मुली आमच्या जवळच्या कॉलेजांत येतात, आणि मुलगे लांबच्या खासगी कॉलेजांत जातात. एसजीजीएस किंवा संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीत गेलेल्या माझ्या विद्यार्थिनी शिकताना समाधानी दिसतात. त्यांचं समाधान मात्र कॉलेजच्या नावात मोजलं जात नाही, कारण ‘तिला लांब पाठवलं नाही म्हणून ती तिथं’ असंच सगळे धरून चालतात.

पुण्याला गेलेल्या पोरांना तिथं दुसराच प्रश्न भेटतो. ‘बारावी कुठून? तिकडं कॉपी चालते ना?’ हा प्रश्न ऐकून आलेली पोरं सुट्टीत माझ्याकडे येऊन बसतात. कॉपी चालली नाही असं मी म्हणणार नाही. खिडक्यांवर चढलेले लोक मीही पाहिलेत. 2010 च्या सुमारास नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली तेव्हा ती किती गरजेची होती हे आम्हा शिक्षकांना ठाऊक होतं. पण चार केंद्रांवरच्या कॉपीचा डाग रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास केलेल्या पोरीच्या गुणांवर पडतो, तेव्हा ती एकटी पुण्याच्या हॉस्टेलात त्याचं उत्तर देत बसलेली असते. बाहेर जाऊन मिळालेलं कॉलेजचं मोठं नावही तिला त्यातून सोडवत नाही.

फक्त एका क्षेत्रात माझ्या विद्यार्थ्यांचा हिशोब वेगळा चालतो, आणि तो मला फार शिकवून गेला. मेडिकल. संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 चं. त्याच्या रुग्णालयाला अख्खा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. घाटीला नंबर लागला की पोरं आनंदानं नाव घेतात, ‘इथंच’ म्हणत नाहीत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागात उभं राहिलेलं, तरी तिथं शिकणारा एक पोरगा मला अभिमानानं सांगत होता, ‘मॅडम, इथं हात बसतो. पेशंट इतके आहेत की सीनियरच्या मागं उभं राहायची वेळच येत नाही.’ बीड, जालना, बुलढाण्याच्या खेड्यांतून येणारे रुग्ण घाटीच्या पायऱ्यांवर रात्र काढतात, आणि तिथं शिकलेला डॉक्टर काय काय पाहून बाहेर पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून अलीकडे धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीला नवी शासकीय मेडिकल कॉलेजं निघाली तेव्हा पोरांनी पहिल्यांदा विचारलं ते बरोबर विचारलं: ‘दवाखाना किती मोठा आहे? शिकवायला डॉक्टर भरलेत का?’ इमारत किती मजली, हे कुणी विचारलं नाही. आत काय चालतं ते डोळ्यांना दिसतं, तेव्हा आमची पोरं अंतरावरून किंमत करत नाहीत.

2020 पर्यंत मेडिकलच्या जागांना 70:30 चं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, तीस टक्के बाहेरच्यांना. मराठवाड्यात कॉलेजंच मोजकी, त्यामुळं जास्त गुण असूनही आमच्या पोरांचे नंबर हुकायचे. ते सूत्र रद्द व्हावं म्हणून इथले पालक किती वर्षं दारं ठोठावत होते. लांब जाण्याची ओढ आमच्या रक्तात आहे असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. जागाच नसतील तर पोरं लांबच बघणार.

आणि ही टंचाई आजची नाही. निजामाच्या काळात पदवी घ्यायची तर हैदराबादचं उस्मानिया गाठावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातल्या त्या इमारतीची कोनशिला 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते बसली. त्याच सुमारास नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, जिथं पुढं नरहर कुरुंदकर प्राचार्य होते. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर, 23 ऑगस्ट 1958 ला. बाबासाहेबांनी मराठवाडा निवडला तो इथं शिक्षण नव्हतं म्हणून. मिलिंदचे पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढं आलेली पोरं कुठल्या यादीत नव्हती. त्यांच्या घरांत आधी कुणी शाळा पाहिलेली नव्हती. त्या वर्गांतून आणि वसतिगृहांतून लेखक निघाले, प्राध्यापक निघाले, अधिकारी निघाले, दलित साहित्याच्या चळवळीला बळ तिथून मिळालं. दारातून कोण आत आलं यावरून त्या कॉलेजची किंमत केली असती तर ती शून्य भरली असती. माझ्या अकरावीच्या वर्गात मी मिलिंदबद्दल विचारलं तर दोघांनी ‘बाबासाहेबांचं कॉलेज’ एवढं सांगितलं. तिथं काय घडलं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग त्या दिवशी मी प्रकाशाचं अपवर्तन बाजूला ठेवलं आणि तास त्यावरच घेतला.

आता कडू बोलते. जवळच्या कॉलेजांवरचा पोरांचा अविश्वास सगळाच हवेतला नाही. प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारा, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेला, पीएचडी झालेला माणूस दोन कॉलेजांत तास घेऊन संध्याकाळी दुसरं काही काम करतो. दाराशी, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनं दिलेल्या श्रेणीचा मोठा फलक असतो, आणि एखाद्या विषयाला पूर्णवेळ शिक्षकच नसतो. फलक वाचून पोरं फसत नाहीत. त्यांना सगळं कळतं: कोणते सर येतात, कोणती प्रयोगशाळा फक्त तपासणीच्या आठवड्यात उघडते, ग्रंथालयात बसायला देतात की खिडकीतून पुस्तक देऊन हाकलतात. ही माहिती कुठल्याही क्रमवारीपेक्षा खरी असते. पण ऑप्शन फॉर्म भरताना तिचा उपयोग कुणी करत नाही, कारण ती फक्त जवळच्या कॉलेजांबद्दल असते. जवळच्या कॉलेजचे दोष रोज डोळ्यांसमोर येतात. लांबच्या कॉलेजचं फक्त माहितीपत्रक हातात येतं, त्यावर हिरवळ आणि टाय लावलेली पोरं. त्याही कॉलेजात तासिका तत्त्वावरचे शिक्षक असू शकतात, हे पोरांच्या मनातही येत नाही.

म्हणून यंदा मी वर्गाला एक काम दिलंय. फॉर्ममध्ये जी पहिली पाच कॉलेजं टाकणार, त्यातल्या प्रत्येकात सध्या शिकणारं एक तरी ओळखीचं पोरगं शोधायचं आणि त्याला फोन करायचा. पॅकेजचा आकडा विचारायचा नाही. गेल्या आठवड्यात किती तास झाले, वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हातानं काय केलं, शंका आली तर कुणाकडे जातोस, एवढं विचारायचं. पहिल्या चार दिवसांत जी उत्तरं आली त्यावरून दोघांच्या याद्या बदलल्या. एकाची पुण्याकडून नांदेडकडं, एकीची नांदेडकडून पुण्याकडं. दोन्ही बदल मला पटले. पुण्याकडं वळलेल्या मुलीच्या आईशी मी स्वतः बोलायला जाणार आहे.

पुढच्या आठवड्यात विष्णुपुरीला जायचं ठरलंय. एसटीनं, मुलींना निम्मं तिकीट आहेच. पोरं रविवार म्हणत होती, मी शुक्रवार सांगितला. रविवारी वर्कशॉप बंद असतं, आणि आम्हाला ते चालू असताना बघायचंय.